बुडबुड्याच्या बरणीतली कॉफी

मित्रांनो, कानडी मुलखात, बसवनगुडीतल्या एका स्वयंपाकघरात, खिडकीजवळच्या फळीवर, पितळी कॉफी फिल्टरच्या शेजारी जाड काचेची एक बरणी दिसते ना, ती मी. मी जुनी आहे. माझ्या काठाचा एक टवका उडालाय, झाकण माझं मूळचं नाही, आणि बुडापासून बोटभर वर माझ्या काचेत हवेचा एक बुडबुडा अडकलेला आहे. टवका नंतरचा, बुडबुडा जन्मापासूनचा. त्या बुडबुड्यामुळेच मी या घरात आले.

माझा जन्म इथून फार दूर, उत्तरेकडच्या एका भट्टीत झाला. वाळू, सोडा आणि चुना यांचा लालभडक रस नळीच्या टोकाला घेऊन कारागिराने फुंकर मारली. ती जरा घाईने मारली असावी, कारण त्याच्या श्वासाचा एक थेंब काचेतच राहून गेला. मग गवतात गुंडाळून, मालगाडीत आदळत आपटत मी इथल्या शिवाजीनगरच्या बाजारात आले. दुकानदाराने मला मागच्या रांगेत ठेवलं होतं. खोट असलेला माल पुढे कोण ठेवणार?

एक दिवस नवीन लग्न झालेलं एक जोडपं आलं. रघुपती आणि सत्यवती. तिला लोणच्यासाठी बरणी हवी होती. तिने स्वच्छ, चकचकीत अशी दुसरी बरणी उचलली होती, पण त्याची नजर माझ्यावर पडली.

"ही घेऊ या," तो म्हणाला.

"अहो, बघा तरी! हिच्यात बुडबुडा आहे. नव्या संसाराला खोट असलेली वस्तू?"

"खोट कसली? तिने श्वास धरून ठेवलाय बिचारीने. शिवाय शेजारणीच्या दहा बरण्यांत ठेवलीस तरी आपली कुठली ते ओळखशील."

सत्यवतीने नाक मुरडलं, पण घरी येईपर्यंत रिक्षात मला मांडीवरच धरून बसली होती. तेव्हापासून माझं नाव पडलं, बुडबुड्याची बरणी.

या घरातली माणसं मराठी. त्यांचे पूर्वज कधीकाळी घोड्यांच्या पाठीवरून या मुलखात आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दारात कानडी. वडिलांना अण्णा, आईला अम्मा. सोवळ्याला इथे मडी म्हणतात. सत्यवतीची मडी मोठी कडक. आंघोळ करून, ओल्या केसांना गाठ मारल्याशिवाय ती माझ्या झाकणाला बोट लावत नसे, आणि दुसऱ्या कुणाला लावू देत नसे. माझ्या पोटात कधी लिंबाचं लोणचं असे, तर कधी कोवळ्या बाळकैऱ्यांचं, ज्याला इकडे माविनमिडी म्हणतात. माझं लोणचं खाऊन पाहुणे बोटं चाटत. कौतुक अर्थात सत्यवतीच्या हाताचं होई. मी ते मुकाट्याने ऐकून घेई.

खरं सांगायचं तर मला हेवा वाटायचा तो फिल्टरचा. त्याचा थाट काय वर्णावा! दिवस उगवायच्या आत त्याला घासूनपुसून ओट्यावर बसवायचं, त्याच्यात ताजी कॉफीपुडी घालायची, वरून उकळतं पाणी. मग थेंब थेंब काळाभोर डिकॉक्शन खाली पडायचं आणि घरभर असा वास सुटायचा की देवघरातली उदबत्तीसुद्धा मागे पडावी. या गावात कुणी भेटलं तर आधी "कॉफी आयता?" असं विचारतात, म्हणजे कॉफी झाली का? तब्येतपाण्याची चौकशी त्यानंतर. रघुपतीचं तर कॉफीवाचून पान हलत नसे.

आणि त्याची एक खोड होती. तो कचेरीत साहेबांसमोर मान खाली घालून उभा राहील, रिक्षावाल्याशी हुज्जत घालणार नाही, पण कॉफीच्या बाबतीत खोटं बोलणार नाही. सासुरवाडीत पहिल्या दिवाळसणाला सासूबाईंनी हौसेने कॉफी दिली, तर जावईबापू म्हणाले, "अम्मा, हे भांडी विसळलेलं पाणी आहे." सत्यवतीने ती गोष्ट जन्मभर त्याला ऐकवली. त्याला आवडलं तर तो "सरी" एवढंच म्हणे. ठीक आहे, या अर्थाचा कानडी शब्द. रोज सकाळी लोटा हातात दिला की सत्यवती दारातच थांबायची. "सरी" ऐकलं की मगच तिचा दिवस सुरू व्हायचा.

अशी वर्षं गेली. निवेदिता जन्मली, वाढली, नोकरीला लागली, लग्न होऊन गावातल्याच बनशंकरीला गेली. रघुपती निवृत्त झाला. आणि मग, मित्रांनो, त्याच्या घशाला कर्करोग झाला.

इस्पितळातले ते विजेचे किरण घेऊन तो घरी आला तेव्हा त्याचा आवाज निम्मा झाला होता. तिखट बंद, मीठ बेताचं, गरम काहीही नाही. लोणचं तर दुरून बघायचंही नाही. तो खात नाही म्हणून सत्यवतीनेही लोणचं सोडलं. माझ्यात उरलेलं तिने कौशल्याअक्काला, म्हणजे शेजारणीला देऊन टाकलं, मला धुतलं आणि माळ्यावर ठेवून दिलं. तिथे मी धूळ खात पडले. मला राग आला होता, पण पुढे जे ऐकलं त्याने तो विरघळून गेला.

खाली रोज सकाळी तेच चालायचं. सत्यवती कॉफी निववून द्यायची. रघुपती एक घोट घ्यायचा, डोळे मिटायचा आणि लोटा खाली ठेवायचा. डिकॉक्शनचा कडवटपणा त्याच्या सोललेल्या घशाला झोंबायचा. "नको गं," तो म्हणायचा. एक दिवस त्याने लोटा हातात घेतलाच नाही. त्या दिवसापासून सत्यवतीनेही कॉफी सोडली. फिल्टर पालथा पडला. ज्याचा मी हेवा केला तो तिथे ओट्याच्या कोपऱ्यात पालथा, आणि मी माळ्यावर. घरातून कॉफीचा वास गेला, तसा घरातला जीवच गेल्यासारखं झालं.

मग एका रविवारी निवेदिता आली ती हातात कागदी पुडी नाचवतच.

"अम्मा, मोठ्या तोंडाची काचेची बरणी आहे का गं? आमच्या ऑफिसात सगळे गार पाण्यात भिजवलेली कॉफी पितात. अजिबात कडू नसते. घशाला लागत नाही. अण्णांसाठी करून बघू या."

"गार पाण्यात कॉफी?" सत्यवतीच्या आवाजात असं काही होतं, जणू मुलीने कच्चे तांदूळ वाढायचं ठरवलंय. "आणि बरणी आहे ती लोणच्याची. मडीची."

तेवढ्यात पलंगावरून तो निम्मा आवाज आला, "अगं, बुडबुड्याची बरणी दे की."

सत्यवती उठली. स्वतः स्टुलावर चढली, मला उतरवलं, सोड्याच्या पाण्याने घासलं, उन्हात वाळवलं, पुन्हा पुन्हा नाक घालून लोणच्याचा वास गेला का ते पाहिलं. मडीचा तिने स्वतःच्या हाताने त्याग केला आणि चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

आता नीट ऐका, ही कॉफी कशी होते. निवेदिताने गांधी बाजारातल्या दुकानातून खास जाडसर दळून आणली होती, रव्यासारखी आणि चिकोरीशिवाय. एक वाटी पुडी माझ्यात पडली, तिच्यावर सात-आठ वाट्या गार पाणी. लाकडी चमच्याने हलकेच ढवळलं, झाकण लावलं, वर फडकं टाकलं. झालं! बाकी सगळं काम वेळाचं, चांगले सोळा-अठरा तास.

"स्वल्प तरी ऊन पाणी घाल गं," सत्यवती हळहळली.

"नाही अम्मा. विस्तव लागला की कडूपणा उतरतो. हिला फक्त थांबायचं असतं."

ही कॉफी फ्रिजमध्येही भिजवतात, पण अण्णांना फार गारही सोसत नसे, म्हणून मला खिडकीजवळ ओट्यावरच ठेवलं. मी रात्रभर जागी होते. आयुष्यभर मी तिखट, मीठ आणि मोहरी सांभाळली होती, आता पुडीचा एकेक कण हळूहळू फुगत होता, पाण्याला रंग येत होता आणि माझ्या काचेतून तो बुडबुडा लालसर दिसू लागला होता. मला फार अभिमान वाटला. फिल्टरकडे मी पाहिलंसुद्धा नाही!

सकाळी मलमलच्या फडक्यातून गाळलं, पिळलं मात्र नाही, कारण पिळलं की गाळ उतरतो. त्या दाट अर्कात तापवून निववलेलं दूध घातलं, चिमूटभर साखर. रघुपतीने घोट घेतला. तोंडात धरून ठेवला. सत्यवती दारात उभी होती, पदराचं टोक मुठीत घट्ट धरून. घोट खाली उतरला. त्याचे डोळे भरून आले.

"सरी," तो म्हणाला.

सत्यवती स्वयंपाकघरात आली, मला दोन्ही हातांनी धरलं आणि रडली. मुलीला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवला होता.

त्यानंतर निवेदिता दर दोन-तीन दिवसांनी यायची आणि कॉफी भिजवून जायची. "मला नाही बाई ते जमायचं," असं म्हणत सत्यवती लांबच राहायची, पण रोज फडकं उचलून रंग किती आला ते बघायची. माझे हे दिवस सगळ्यात सुखाचे. ते फार थोडे होते.

आजार पुन्हा उलटला. या वेळी डॉक्टरांनी किरण सांगितले नाहीत, घरीच ठेवा म्हणाले. त्याचा अर्थ घरात सगळ्यांना कळला. पेज नको, ताक नको, नारळाचं पाणी नको. रघुपती फक्त चार चमचे कॉफी मागायचा. त्या चार चमच्यांवर सत्यवतीने सगळी आशा टांगून ठेवली होती. आज चार घेतले, म्हणजे उद्याचा दिवस आहे.

अशात ग्रहण आलं. चंद्र उगवणार तोच ग्रासलेला आणि दिवेलागणीनंतर सुटणार असं ते ग्रहण होतं. तुमच्यापैकी काहींच्या घरी पाळत असतील, काहींच्या नसतील. सत्यवतीच्या घरी पिढ्यानपिढ्या पाळतात. ग्रहणाचे वेध लागायच्या आत दूध, दही, तूप, लोणचं यांवर दर्भाची एकेक काडी ठेवायची. दर्भ ठेवला की त्या पदार्थाला ग्रहण लागत नाही. बाकी जे साठवलेलं पाणी असेल, ते ग्रहण सुटल्यावर आंघोळ करून सगळं ओतायचं आणि नवं भरायचं. माझ्यात लोणचं असताना मीही कितीतरी ग्रहणं दर्भ डोक्यावर मिरवत काढली होती.

त्या दिवशी सत्यवतीने पहाटेच दर्भ ठेवले. दुधावर, दह्यावर, तुपाच्या भांड्यावर. फ्रिजच्या दारात एक काडी खोचली, म्हणजे आतल्या सगळ्याचं भागलं. मी तेव्हा ओट्यावर रिकामीच होते. रिकाम्या बरणीवर कोण दर्भ ठेवतं?

नंतर ऑफिसला जाता जाता निवेदिता आली. घाईघाईने माझ्यात कॉफी भिजवली, फडकं टाकलं, वडिलांच्या कानाशी वाकून म्हणाली, "अण्णा, कॉफी घातलीय. उद्या सकाळी देते." दर्भाचं तिच्या ध्यानात आलं नाही. आणि आईने तिला सांगायचं कशाला, आईला वाटलं दर्भ तर सगळीकडे ठेवून झालेत. यात चूक कुणाची म्हणायची? मी पुष्कळ विचार केला, मला सापडली नाही.

दुपारभर रघुपती ग्लानीत होता. मध्येच जागा झाला आणि म्हणाला, "उद्या सकाळी कॉफी." त्या दिवसात तो एवढं एकच वाक्य बोलला.

ग्रहण सुटलं. सत्यवतीने डोक्यावरून आंघोळ केली आणि ओलेत्यानेच स्वयंपाकघरात आली. हंडा ओतला. कळशी ओतली. तांब्या, फुलपात्र, बाटल्या, सगळं मोरीत ओतलं. जन्मभराची सवय, हात आपोआप चालत होते आणि मन पलंगापाशी होतं. मग तिच्या हाताला मी लागले. दर्भ नाही. आत पाणी. तिने फडकं बाजूला सारलं आणि मला मोरीत उलटी केली.

मित्रांनो, आम्हां वस्तूंना ओरडता येत नाही. मला जर कधी कंठ हवा होता तर तो त्या क्षणी.

वास सुटला तेव्हा ती भानावर आली. तिने मला झटकन सुलटी केली, तेव्हा माझा काठ मोरीच्या दगडावर आपटला. हा टवका तेव्हाचा. माझ्या बुडाशी फक्त भिजलेला चोथा उरला होता आणि ती काळसर धार जाळीतून खाली जात होती. तिने हात लावून ती अडवायला पाहिली. पाणी कधी हाताने अडतं का? तशीच ओलेत्याने ती मोरीत बसून राहिली, मला छातीशी धरून. "अय्यो देवा," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

फोन जाताच निवेदिता रिक्षाने धावत आली. ग्रहणामुळे दुकानं बंद होती, पण पुडीत तळाशी थोडी जाडसर कॉफी शिल्लक होती. तिने ती पुन्हा भिजवली.

"चुलीवर ठेवून होईना का लवकर?" सत्यवतीने विचारलं. ज्या बाईला विस्तवाशिवाय कॉफी पटत नव्हती तीच विचारत होती, आणि उत्तर तिलाही ठाऊक होतं.

"नाही गं अम्मा. उद्या दुपारनंतरच होईल."

मी माझ्याकडून शर्थ केली. पण काच काय करणार? थांबण्याचं काम घाईने होत नाही.

सकाळी रघुपतीने डोळे उघडले. "कॉफी?"

सत्यवती पलंगाच्या कडेला बसली. तिला खोटं बोलता आलं असतं, पण त्याच्याशी कॉफीबद्दल ती कधी खोटं बोलली नव्हती. "अहो, मी ओतून टाकली," ती म्हणाली. "ग्रहणाचं पाणी समजून ओतली हो मी."

मग त्याचे ओठ जरासे हलले. तो हसला होता. "चंद्राने पिऊन टाकली म्हण की."

ती उठली. मला उघडून, जशी होती तशीच, अर्धीकच्ची, पिवळट पाण्यासारखी कॉफी तिने वाटीत काढली. धड रंग नाही, धड वास नाही. चमच्याने त्याच्या ओठांना लावली. ज्या माणसाने सासूलासुद्धा सोडलं नव्हतं, त्याने तो घोट तोंडात धरला, गिळला आणि म्हणाला, "छान झालीय गं."

"सरी" नाही म्हणाला. "छान" म्हणाला. त्याच्या तोंडून हा शब्द तिने कॉफीसाठी कधीच ऐकला नव्हता, म्हणून तिला लगेच कळलं की तो खोटं बोलतोय, आणि का बोलतोय तेही कळलं.

दुपारी तो गेला. कॉफी संध्याकाळी झाली.

मरण झालेल्या घरात चूल पेटत नाही. शेजारणी भात-आमटी घेऊन येतात, आणि घरातलं साठवलेलं पाणी पुन्हा एकदा ओतून टाकतात. कौशल्याअक्का ते करायला आली. हंडा, कळशी झाल्यावर तिने मला उचललं. तेव्हा दिवसभर दगडासारखी बसलेली सत्यवती उठली आणि तिने मला तिच्या हातून काढून घेतलं.

"अक्का, ही नको ओतू."

"अगं, सुतकातलं पाणी ते! शास्त्र आहे."

"असू दे. ही ओतायची नाही."

आयुष्यभर एकही नेम न मोडलेल्या बाईने त्या दिवशी मोडला. निवेदिताने कॉफी गाळली, मला धुऊन पुन्हा माझ्यातच भरली आणि फ्रिजमध्ये ठेवली. पुढे काही दिवस, रोज सकाळी, सत्यवती त्याचा लोटा काढायची, त्यात थोडी कॉफी ओतायची, दूध नाही, साखर नाही, आणि त्याच्या रिकाम्या पलंगाशी बसून प्यायची. त्याने सोडल्यापासून तिने कॉफीला तोंड लावलं नव्हतं. प्रत्येक घोटाला तिचे डोळे वाहायचे. शेवटचा थेंब संपला तेव्हा तिने मला धुतलं, पुसलं आणि इथे फळीवर, फिल्टरच्या शेजारी ठेवलं. आता आम्ही दोघंही रिकामे असतो. हेवा करण्यासारखं त्याच्याकडेही काही उरलेलं नाही.

मित्रांनो, मी काही तुम्हाला नेम मोडा किंवा पाळा असं सांगणार नाही. तेवढी अक्कल काचेला नसते. माझी विनवणी अगदी साधी आहे. घरातली कुठलीही बरणी, वाटी, तांब्या रिकामा करण्याआधी एकदा झाकण काढून बघा, वास घ्या. कुणीतरी ते कुणासाठी तरी भिजत घातलेलं असू शकतं.

परवा पुन्हा ग्रहण झालं. सत्यवतीने दुधावर दर्भ ठेवला, दह्यावर ठेवला, फ्रिजच्या दारात खोचला. मग ती फळीपाशी आली, माझं झाकण उघडलं आणि एक काडी आत सोडली.

"अम्मा," निवेदिता हळूच म्हणाली, "ती रिकामी आहे गं."

"ठाऊक आहे," सत्यवती म्हणाली, आणि तिने झाकण लावलं.